जुनी सफारी स्टॉर्म: टाकी ५५ ची की ६३ ची, आणि खरं अ‍ॅव्हरेज कसं काढायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की टाटाची २०१४ ची सफारी स्टॉर्म सेकंड हँड घेतली, एका वेबसाईटवर टाकी ५५ लिटर लिहिलीय, दुसरीकडे ६३, आणि पंपावर काटा अजून लाल पट्टीच्या वर असताना ५८ लिटर डिझेल बसलं. मग पंपवाल्याने चुना लावला का? आणि आधीचे मालक १४ चं अ‍ॅव्हरेज सांगत होते पण डिस्प्लेवर आकडा १० च्या वर सरकत नाही, तर गाडीत फॉल्ट आहे का?

आमचं गॅरेज हायवेलाच आहे, काम बहुतेक डिझेल गाड्यांचं, त्यामुळे हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. आधी सरळ सांगतो, तुमचे ५८ लिटर मला अजिबात खटकत नाहीत. १० चा आकडा खटकतो पण तो गाडीचा आहे का डिस्प्लेचा ते अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरवल्याशिवाय एक रुपयाचंही काम काढू नका.

टाकीचं बघू. सफारी हे नाव एकच असलं तरी टाक्या वेगवेगळ्या आल्यात. जुनी डायकॉर इंजिनाची सफारी होती तिला ६५ लिटर, २०१२ ला स्टॉर्म आली तेव्हा ती ५५ वर आणली (तेव्हा जुने सफारीवाले जाम वैतागले होते, लांबच्या प्रवासाला हीच गाडी घेणारी मंडळी ती), मग नंतरच्या स्टॉर्ममध्ये ६३ झाली, आणि २०२१ ला नवीन सफारी आली तिला ५०. आता या वेबसाईटवाल्यांचं काय होतं, ते नाव बघतात, वर्ष बघत नाहीत, शेवटच्या मॉडेलचा आकडा सगळ्या स्टॉर्मना चिकटवून मोकळे होतात. आरसी बुकावर टाकीचा आकडा नसतो, आणि सीसी बघूनही कळत नाही कारण आधीची काय आणि नंतरची व्हॅरिकॉर ४०० इंजिनाची काय, दोन्ही २१७९ सीसीच. त्यापेक्षा गिअर नॉब बघा, ६ गिअर असतील तर ती व्हॅरिकॉर ४००, म्हणजे नंतरची गाडी. तुमची २०१४ ची आहे म्हणजे ५ गिअर, म्हणजे बहुधा ५५ वाली. आरसीवर मॅन्युफॅक्चरिंगचा महिना-वर्ष असतं तेवढं बघून घ्या, कारण एजंट लोक रजिस्ट्रेशनचं वर्ष सांगतात, आणि गाडी शोरूमच्या यार्डात आठ-दहा महिने उभी असलेली असू शकते. तरी शंका राहिली तर चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा, त्या नंबरवर कुठली टाकी लागते ते त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतं.

मग ५५ च्या टाकीत ५८ कसं गेलं? गेलंच पाहिजे. कंपनी जो आकडा लिहिते तो गळ्यापर्यंत भरायचा आकडा नसतोच. वर थोडी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, उन्हात डिझेल फुगतं त्याला जागा लागते, आणि झाकणापासून टाकीपर्यंत जो पाईप येतो त्यातही डिझेल मावतं. गाडी कंपन्यांची जी संघटना आहे, सियाम, त्यांनी स्वतःच सांगितलंय की लिहिलेला आकडा हा खऱ्या मापापेक्षा १५ ते २० टक्के कमी असतो. त्या हिशोबाने ५५ ची टाकी गळ्यापर्यंत निदान ६४-६५ च्या घरात जाते. तुमचे ५८ आणि काटा लाल पट्टीच्या वर होता म्हणजे खाली पाच-सहा लिटर असणार, बेरीज करा, बरोबर तिथेच येते. पंपवाल्याने ऑटो कट झाल्यावर (म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद झाल्यावर) "सर राउंड फिगर करू का" म्हणत अजून दोन-तीनदा दाबलं असेल, बहुतेक ठिकाणी तेच चालतं.

फुगण्याचं म्हणाल तर डिझेल दर डिग्रीला साधारण ०.०८ टक्के वाढतं. ६० लिटर भरून गाडी उन्हात लावली आणि डिझेल १५ डिग्री तापलं तर पाऊण लिटरच्या आसपास वाढतं. म्हणून गळ्यापर्यंत भरू नका, झाकणातून ओघळ येतात आणि वास गाडीत फिरतो. पेट्रोल एसयूव्ही असेल तर अजून वाईट, तिथे वाफेसाठी कोळशाचा कॅनिस्टर असतो, त्यात पेट्रोल शिरलं की कॅनिस्टर कामातून जातो. आणि ते सकाळी थंडीत भरलं की जास्त मिळतं वगैरे, सोडून द्या, पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक पडतो कुठे.

पंपावर संशय असेलच तर भांडण करायची गरज नाही, ५ लिटरचं माप मागा. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. ५ लिटरला २५ मिली कमी-जास्त चालतं, त्याच्या पुढे फरक आला तर तक्रार करा. पण २५ मिलीचा हिशोब केला तर ५० लिटरला पाव लिटर, एवढ्याने तुमचं अ‍ॅव्हरेज १४ चं १० होत नाही. शून्य बघणे, नोझलकडे लक्ष ठेवणे आणि मधेच कोणी कार्ड का कॅश विचारत बोलण्यात गुंतवत असेल तर त्याच्याकडे न बघणे, एवढं पुरतं.

काट्याबद्दल एक सांगतो कारण जुन्या गाडीत सगळ्यात जास्त फसवणारा तोच. टाकीत एक फ्लोट असतो, तो डिझेलवर तरंगतो, त्याची दांडी एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकते आणि काटा हलतो. टाकी काही चौकोनी डबा नसते, चासी, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर यांना चुकवून वाकडीतिकडी केलेली असते, त्यामुळे वरच्या अर्ध्या काट्यात जेवढं डिझेल असतं तेवढं खालच्या अर्ध्यात नसतं. म्हणून लोक म्हणतात पहिला अर्धा २५०-३०० किलोमीटर जातो आणि मग काटा धाडकन पडतो. दहा वर्षं झालेल्या गाडीत ती पट्टीही झिजलेली असते. आणि सेकंड हँड गाडीत कधीकधी मीटर कन्सोलच दुसऱ्या गाडीचा टाकलेला सापडतो, जुना बिघडला म्हणून किंवा किलोमीटर कमी दाखवायला म्हणून, मग काटा आणि फ्लोट यांचा मेळच बसत नाही. सर्व्हिस रेकॉर्ड काढून घ्या, नंबरप्लेट सांगितली की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कुठल्या तारखेला किती किलोमीटर होते ते मिळतं, मधेच आकडा मागे गेलेला दिसला तर समजा.

तुमच्या गाडीची टाकी खरंच किती घेते आणि रिझर्व्हला किती उरतं हे पक्कं बघायचं असेल तर एक काम आहे जे तसंही करायलाच हवं. दहा वर्षांच्या डिझेल गाडीची टाकी एकदा उतरवून धुवा. तळाला जे निघतं ना, काळा चिकट गाळ, पाणी, कुठल्यातरी झाकणाच्या रबराचे तुकडे, ते बघून लोक गप्प होतात. टाकी उतरली की फ्लोट हाताने वर-खाली करून कोणाला तरी काटा बघायला सांगा, मधे कुठे अडकतो का उडी मारतो का ते लगेच दिसतं. मग टाकी चढवून ५ लिटर टाका, डिझेलच्या लाईनमधली एअर काढा, आणि जवळच्या पंपावर जा. दुपारी दोन-तीनला जा, तेव्हा गर्दी नसते, नाहीतर मागचे हॉर्न मारून जीव खातील. तिथे पाच-पाच लिटर टाकायला सांगायचं, प्रत्येक वेळी इग्निशन ऑन करून मिनिटभर थांबायचं, काटा हळूहळू चढतो, लगेच बघाल तर चुकीचं दिसेल, तो स्थिर झाला की कागदावर लिहायचं, ५ ला लाल दिवा चालू, १० ला दिवा गेला, १५ ला काटा अमुक रेघेवर, असं ऑटो कट होईपर्यंत. तो कागद सन व्हायझरच्या मागे चिकटपट्टीने लावून टाका. गाडी सपाट जागेवर पाहिजे एवढं बघा, काही पंपांचा फोरकोर्ट एका बाजूला चांगलाच उतरता असतो.

गाडी बंद पडेपर्यंत चालवून टाकी मोजायचा शहाणपणा मात्र करू नका. यूट्यूबवर तसले व्हिडिओ आहेत. पेट्रोल गाडीत एक वेळ निभावतं, पण कॉमन रेल डिझेलमध्ये हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच, ते संपलं की पंप कोरडा फिरतो, लोखंडाचा चुरा पुढे इंजेक्टरमध्ये (इंजिनात डिझेल फवारतो तो भाग) जातो, आणि मग जे बिल येतं त्यात वर्षभराचं डिझेल आलं असतं.

अजून एक, पंपावर नोझल सारखं सारखं तुटतंय, वीस लिटरलाच टाकी फुल असल्यासारखं वाटतंय असं होत असेल तर टाकीचा ब्रीदर पाईप चोक असतो. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, ते डिझेलने झाकलं गेलं की व्हॅक्यूम बदलतो आणि नोझल कट होतं. हवा बाहेर जायला वाट नसली की डिझेल उलटं गळ्यात येतं आणि नोझलला वाटतं टाकी भरली. डिझेलला फेस जास्त येतो त्यामुळे फास्ट स्पीडवर भरलं तरी हे होतं. चिखलात फिरलेल्या गाड्यांना हमखास.

आता अ‍ॅव्हरेज. टाकी फुल ते टाकी फुल, दुसरा खरा उपाय नाही. पण लोक करतात कसं, आज फुल केली, शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले, परत फुल केली आणि भाग दिला. यात काय गडबड होते बघा. समजा ११४ किलोमीटर गेले आणि १० लिटर बसलं, अ‍ॅव्हरेज ११.४. पण ऑटो कट कधी दोन लिटर आधी होतो कधी नंतर, दोन लिटर कमी बसले तर तुमचं अ‍ॅव्हरेज १४.२५, आणि दोन लिटर जास्त बसले तर ९.५. गाडी तीच, रस्ता तोच, एक माणूस मित्रांना १४ सांगत फिरतो आणि दुसरा गाडी विकायला काढतो. तुमच्या आधीच्या मालकांचे १४ बहुधा असेच आले असतील, खोटं बोलत असतील असं नाही.

तेच मोठ्या टाकीवर करा. ओडोमीटर १,१२,३४० ला फुल, मग निवांत चालवा, १,१२,८१२ ला परत फुल, ४७२ किलोमीटर झाले आणि ४१.३ लिटर बसलं, म्हणजे ११.४. इथे तेच दोन लिटर इकडेतिकडे झाले तरी आकडा १०.९ ते १२.० यातच राहतो. आणि तीन टाक्या सलग लिहिल्या, तिन्हीचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार, तर ही चूक जवळजवळ निघूनच जाते, कारण एकदा कमी बसलेलं पुढच्या वेळी जास्त बसतं. पंप तोच ठेवा, शक्यतो मशीनही तेच, गाडी उभी करायची दिशा तीच, आणि पहिल्या ऑटो कटला थांबायचं, राउंड फिगर नाही. रुपयांत भरू नका, "दोन हजारचं टाक" यातून काहीच कळत नाही. पावतीवरचे लिटर दोन दशांशासकट लिहा. मधे पैसे नाहीत म्हणून थोडंसं टाकलं तरी चालतं, फक्त ते लिटर बेरजेत धरायचे आणि शेवटी परत फुल करायचं.

किलोमीटरचीही खात्री करून घ्या, यात जुन्या एसयूव्हीत मोठा खड्डा असतो. स्टॉर्मला कंपनीचे टायर २३५/७० आर १६. आधीच्या मालकाला हौस असेल तर २४५/७५ आर १६ टाकलेले असतात, दिसायला भारी दिसतात, पण टायरचा घेर ५ टक्क्यांनी वाढतो. चाक एका फेरीत जास्त अंतर जातं आणि मीटरला ते माहीतच नसतं, १०५ किलोमीटर गेलात तरी ओडोमीटर १०० च म्हणतो. म्हणजे वरचे ११.४ हे खरे १२ निघतात. टायरच्या साईडला नंबर वाचा आणि दरवाज्याच्या पट्टीवरच्या नंबराशी ताडून बघा. टायर ओरिजिनल असले तरी एकदा एक्स्प्रेस वेवर किलोमीटरचे बोर्ड धरून ट्रिप मीटर तपासा, सलग ४०-५० किलोमीटर तरी, पाच किलोमीटरवर काही कळत नाही. स्पीडोमीटर जास्त दाखवतो म्हणून ओडोमीटरही तेवढाच चुकतो असं काही नसतं, तो बराचसा बरोबर असतो.

डिस्प्लेवरचा १० हा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून कॉम्प्युटरने काढलेला अंदाज आहे, टाकीतून किती गेलं ते त्याने मोजलेलं नसतं. बऱ्याच गाड्यांत तो खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो, पण इंजेक्टर झिजलेले, टायर बदललेले, कोणी रिमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली) गाडी असेल तर कुठल्याही बाजूला चुकू शकतो. शिवाय तो रीसेट केलेला नसेल तर त्यात आधीच्या मालकाचं ट्रॅफिकसुद्धा अजून बसलेलं असतं! आज फुल केलीत की रीसेट करा, आणि टाकीवरून काढलेल्या आकड्याशी ताडून बघा, तुमच्या गाडीत किती फरक आहे ते एकदा कळलं की पुढे तेवढा मनात वजा-मिळवणी करून वापरता येतो. "इतके किलोमीटर जाईल" हे तर मागच्या काही किलोमीटरच्या चालीवरच अवलंबून, खंबाटकी घाट चढताना बघाल तर घाबराल आणि उतरल्यावर बघाल तर उगाच खूश व्हाल.

अपेक्षा किती ठेवायची? कंपनी सांगते तो एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणारी संस्था) आकडा, स्टॉर्मचा साधारण १४. ही चाचणी रस्त्यावर नाही, रोलरवर होते, जास्तीत जास्त वेग ९० आणि तोही थोडा वेळ, एसी बंद, सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत. ना समोर वारा, ना खड्डा, ना घाट, ना मागे बसलेली पाच माणसं आणि गावाहून आणलेली तांदळाची पोती. दोन टनाची गाडी, उंच, मागच्या चाकांना ड्राईव्ह. माझ्या पाहण्यातल्या धडधाकट स्टॉर्म शहरात ९-१०, हायवेला ८०-९० धरून चालवली तर १२-१३ देतात. ११०-१२० ने दामटवली की परत ११ वर येते, हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि या गाडीचं नाक म्हणजे भिंत आहे. त्यामुळे तुमचं फिरणं बहुतेक सांगलीतल्या सांगलीत असेल, मुलांची शाळा, बाजार, तर १० हा फॉल्ट नाहीच. हायवेला टाकी-टू-टाकी १० आले तर मात्र शोधायला हवं. कुणाची पेट्रोल गाडी असेल तर ई२० चाही (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वाटा धरा, जुन्या इंजिनांना नीती आयोगाच्या अहवालातच ६-७ टक्के घट लिहिलेली आहे. तुमची डिझेल, तुम्हाला त्याचं काही नाही.

शोधायचं तर फुकटचं आधी. टायरची हवा थंड असताना बघा. पंधरा-वीस किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवा, उतरा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा (रिमला लावू नका, भाजेल), एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेकचा कॅलिपर किंवा हँडब्रेक चिकटतोय. चौथ्या गिअरमध्ये चढावर दाबून बघा, आरपीएम चढतो आणि गाडी चढत नाही तर क्लच स्लिप. टेम्परेचरचा काटा हायवेला नेहमीपेक्षा खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, इंजिन गरमच होत नाही आणि डिझेल जास्त पितं, हा फॉल्ट बरेच मेकॅनिक बघतच नाहीत कारण गाडी गरम होत नाही म्हणजे चांगलंच असं वाटतं. मग एअर फिल्टर. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होस पाईप, क्लिपजवळ तेलाचा ओला डाग आणि धूळ चिकटलेली दिसली तर तिथून हवा निसटतेय, पिकअप मरतो, मागून काळा धूर, आणि तुम्ही नकळत अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबता.

इंजेक्टर सगळ्यात शेवटी. आणि कोणी डायरेक्ट "चारही बदलावे लागतील" म्हणालं तर आधी लीक-ऑफ टेस्ट करा म्हणायचं. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बारीक नळ्या लावून चार बाटल्यांत सोडतात, गाडी आयडलला ठेवतात, थोड्या वेळात बाटल्या समोर ठेवल्या की दिसतंच, तीन सारख्या आणि एक भरून आलेली असेल तर तो एकच काढायचा. बाटल्या स्वतः डोळ्याने बघा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

तर आता आज पहिल्या ऑटो कटला फुल करा, ट्रिप शून्य करा, डिस्प्ले रीसेट करा आणि टायरवरचा नंबर वाचून ठेवा. तीन टाक्या झाल्या की किलोमीटर, लिटर आणि हायवे किती शहर किती एवढं लिहा, मग थर्मोस्टॅट बघायचा का नाही ते सांगतो.